मदत हवी आहे: सीटीडी पाण्यात सोडताना टॅग लाइन कशी सांभाळायची?

नमस्कार मंडळी,

सागरी संशोधनाच्या जहाजावर इंटर्न म्हणून आलोय. सीटीडी (समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण) काय आणि कसं मोजतं ते अभ्यासामुळे पाठ आहे, डेकचं काम मात्र नवीन. गंज खरवडणं, रंग देणं, दोर नीट वेटोळून ठेवणं जमतंय. बोलाइनची गाठ न बघताही बसते.

अडतंय ते रोझेटपाशी. सीटीडी आणि पाण्याचे नमुने घेणाऱ्या निस्किन बाटल्या बसवलेली ती चौकट विंचने उचलून कठड्याबाहेर नेली की जहाजाच्या हेलकाव्याबरोबर झुलायला लागते. दोन्ही बाजूंनी टॅग लाइन (झुलणं आवरायला चौकटीला लावलेला दोर) धरून दोघं उभे, त्यातला एक मी. बोसन (डेकवरच्या कामाचे प्रमुख) म्हणतात, "ताण ठेव, पण ओढू नकोस." म्हणजे नक्की काय करायचं? दोर पूर्ण काढून कधी घ्यायचा? विंचच्या आवाजात विचारायचीही सोय नसते. आणि हाताला एक वेढा घेतला की पकड छान बसते, तसं चालतं का?

प्रतिसाद १

शेवटचं आधी: अजिबात नाही! वेढा क्लीटला (दोर गुंडाळायचा डेकवरचा पक्का खुंटा) घ्यायचा, हाताला कधीच नाही. चौकटीने हिसका दिला तर क्लीटवरचं घर्षण तो झेलतं, हाताला वेढा असला तर बोटं जातात. दोराच्या वेटोळ्यातही उभा राहू नकोस.

ताणाचं म्हणशील तर नजर दोरावर नको, चौकटीवर हवी. ती तुझ्याकडे झुलली की दोर ढिला पडतो, तेवढाच भरून घे. लांब जायला लागली की क्लीटवरून घासत घासत सोड. ढिला राहिला तर ती वेग घेते, मग दोघांनाही आवरत नाही. पाण्यात बुडाली की झुलणं बरंच कमी होतं. तेव्हा इशारा मिळाला की मोकळं टोक सोडायचं आणि दुसऱ्या टोकाने दोर भराभर आत ओढायचा. दोर चौकटीतून दुहेरी ओवलेला असतो, म्हणून उचलण्याआधी मोकळं टोक बोटांनी चाचपून बघ. तिथे गाठ किंवा टेपचा गोळा असला तर चौकटीत अडकलाच म्हणून समज.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. भर एवढीच, की उचल-उतरवच्या खुणा एकाच माणसाच्या मानायच्या, पण 'थांब'ची खूण कोणीही देऊ शकतो, इंटर्नसुद्धा. बोसनना काम नसताना जाऊन भेट. कोरड्या डेकवर रिकाम्या क्लीटवर दोर धरायला देतील.

धागाकर्ता

आभार! टोक चाचपायचं कोणीच सांगितलं नव्हतं. चौकट वर घेताना लांब काठीने हुक अडकवतात, त्याबद्दलही कोणी लिहील का?