मदत हवी आहे: उष्ण आणि थंड हवा समोरासमोर आल्यावर मिसळून का जात नाहीत?

झुळूक

नमस्कार मंडळी,

शाळेतल्या मुलांच्या विज्ञान मंडळात हवामानावर बोलायचं मी कबूल केलं आहे. वायुराशींचा भाग मला नीट सांगता येईल. विस्तीर्ण, एकसारख्या पृष्ठभागावर हवा बरेच दिवस पडून राहिली की तिथलं तापमान आणि ओलावा तिच्यात उतरतो. हिवाळ्यात सैबेरिया किंवा उत्तर कॅनडावरची हवा कोरडी आणि गारठलेली, तर अझोर्स बेटांभोवतीच्या अटलांटिकवरची उबदार आणि दमट. ती हलली की जाईल तिथे आपलं हवामान घेऊन जाते. इथवर ठीक.

अडतं ते पुढे. पुस्तकांत एवढंच असतं की दोन वायुराशी भेटतात तिथे आघाडी तयार होते, थंड जड हवा खाली घुसते, उष्ण हलकी हवा वर चढते आणि पाऊस पडतो. पण गरम आणि गार पाणी एकत्र ओतलं की कोमट होतं, मग हवेचं तसं का होत नाही? आणि जड हवा खाली बसते असं मानलं तरी ती सपाट पसरून सगळं शांत व्हायला हवं. नकाशावर मात्र तीच आघाडी तीन-चार दिवस टिकते आणि महासागर ओलांडून जाते.

दुसरं असं की शीत आघाडी (थंड हवा पुढे सरकते ती) असो वा उष्ण (थंड हवा हटून उष्ण हवा पुढे येते ती), वर चढते ती उष्ण हवाच. मग एकीच्या वाट्याला दिवसभराची रिपरिप आणि दुसरीच्या वाट्याला तास-दोन तासांचा गडगडाटी पाऊस, असं का? थंड हवा ‘जोरात ढकलते’ एवढ्यावर मला मुलांची बोळवण करायची नाही.

नकाशावर जांभळ्या रेषेने दाखवतात त्या ऑक्लुडेड आघाडीबद्दलही कुणी लिहिलं तर फार बरं होईल. गणित आलं तरी चालेल, सोपं करून घेण्याची जबाबदारी माझी.

---

समभाररेषा

झुळूक, पहिलाच प्रश्न मुळाला हात घालणारा आहे, म्हणून त्याच्यावरच लिहितो.

हवा मिसळते. सीमेवर ते सतत चालू असतं, आणि म्हणूनच आघाडी ही खरं तर रेषा नसून पट्टा असतो, बहुधा 50 ते 200 किलोमीटर रुंद. नकाशावरची रेषा त्या पट्ट्याच्या उबदार कडेला काढतात. मात्र हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे, त्यामुळे मिसळायचं तर घुसळण व्हावी लागते. आणि जड हवा खाली, हलकी हवा वर अशी रचना झाली की उभी घुसळण आपोआप दबते.

याहून महत्त्वाचं काम वारे करतात. कमी दाबाच्या क्षेत्रात दोन्हीकडून येणारे वारे तापमानातला फरक पुन्हा पुन्हा अरुंद पट्ट्यात दाटवत राहतात. मिसळण फरक पुसत असते, वारे तो नव्याने उभा करत असतात. दाटवणं वरचढ आहे तोवर आघाडी जिवंत असते आणि वाऱ्यांची ती घडण मोडली की एक-दोन दिवसांत विरून जाते. मुलांना हे जरूर सांगा. पुस्तकातल्या चित्रात आघाडी भिंतीसारखी ठोकलेली दिसते, आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो.

आता सपाट का पसरत नाही ते. समुद्रसपाटीच्या दाबाला 0 अंश सेल्सियसची कोरडी हवा घनमीटरला सुमारे 1.29 किलो भरते, 20 अंशांची 1.20 किलो. एवढा फरक थंड हवेला उष्ण हवेखाली सरकवायला पुरेसा आहे, आणि पृथ्वी फिरत नसती तर ती सरकत जाऊन खाली आडवी पसरलीच असती. फिरत्या पृथ्वीवर सरकणारी हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. वळता वळता ती आघाडीला समांतर वाहू लागते, आणि मग घसरण आणि वळण यांचा तोल साधला जाऊन सीमा तिरपी राहते.

हा तिरपेपणा किती, याचं सूत्र ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ माक्स मार्ग्युलेस यांनी 1906 मध्ये मांडलं. दोन्हीकडच्या तापमानात जितका फरक जास्त तितका उतार कमी. आघाडीला समांतर वाहणाऱ्या वाऱ्यांच्या वेगात जितका फरक जास्त तितका उतार अधिक. मध्य अक्षांशांत 10 अंशांचा आणि सेकंदाला 20 मीटरचा फरक घेऊन मी आकडे घातले तर उतार 1:175 च्या आसपास येतो. म्हणजे आडवं 175 किलोमीटर गेल्यावर उंची फक्त 1 किलोमीटर! पुस्तकातल्या चित्रांत तो 45 अंशांचा असतो, कारण खरा उतार कागदावर दिसणारच नाही.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. विषुववृत्तावर हे वळण शून्य होतं, शिवाय तिथे तापमानातले फरकही किरकोळ. म्हणून अशा आघाड्या मध्य आणि उच्च अक्षांशांत दिसतात. उष्ण कटिबंधातल्या पावसाची कारणं वेगळी असतात.

---

वातकुक्कुट

वरचं उत्तर उत्तम. दुसरा प्रश्न मी घेतो. त्याचं उत्तर दोन गोष्टींत आहे: उतार आणि वर चढणाऱ्या हवेची अस्थिरता, म्हणजे एकदा उचलल्यावर स्वतःहून वर जात राहण्याचा तिचा कल.

उष्ण आघाडीचा उतार साधारण 1:150 ते 1:200 असतो. थंड हवा मागे हटत असते आणि उष्ण हवा तिच्या पाठीवरून सेकंदाला जेमतेम काही सेंटीमीटर वेगाने वर चढते. बाष्पाचे थेंब बनत नाहीत तोवर वर चढणारी हवा दर किलोमीटरला सुमारे 10 अंश थंड होते. थेंब बनू लागले की बाष्पात दडलेली (सुप्त) उष्णता बाहेर पडते आणि हा दर 6 अंशांच्या आसपास येतो. चढण मंद आणि शेकडो किलोमीटर पसरलेली, म्हणून ढग थरांचे आणि पाऊस हलका पण चिवट. 7 किलोमीटर उंचीवर सिरस या पिसांसारख्या ढगांचे तंतू दिसले तर जमिनीवरची आघाडी अजून हजार ते चौदाशे किलोमीटर दूर असू शकते. ती ताशी 30 किलोमीटरने येत असेल तर पोचायला दीड-दोन दिवस. मधल्या वेळात सूर्याभोवती खळं पाडणारा सिरोस्ट्रॅटस, मग सूर्य पुसट करणारा अल्टोस्ट्रॅटस आणि शेवटी पावसाचा निंबोस्ट्रॅटस. हा क्रम मुलांना मान वर करून स्वतः पाहता येतो, म्हणून माझा तो विशेष आवडता आहे.

शीत आघाडीचा उतार 1:50 ते 1:100. शिवाय जमिनीलगत घर्षणामुळे खालची हवा मागे रेंगाळते, त्यामुळे पुढची कड आणखी उभी होते. तिचा वेगही बहुधा जास्त असतो. उष्ण हवा अरुंद पट्ट्यात झपाट्याने उचलली जाते, आणि ती मुळात दमट व अस्थिर असेल तर एकदा ढकलल्यावर स्वतःच्या उत्प्लावनाने सेकंदाला कित्येक मीटर वेगाने वर जाते. तिथे क्युमुलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी पावसाचा उंच ढग, उभा राहतो. पट्टा अरुंद म्हणून पाऊस लवकर सरतो.

एक मात्र मुलांसमोर पक्का नियम म्हणून मांडू नका. उष्ण हवा अस्थिर असेल तर उष्ण आघाडीवरही वीज कडाडते, आणि हवा कोरडी असेल तर शीत आघाडी एक थेंबही न पाडता निघून जाते, फक्त वारा फिरतो आणि गारवा येतो. उतार ठरवतो हवा कशी उचलली जाईल. उचलल्यावर काय होईल ते ठरवते वायुराशी.

ऑक्लूजन, म्हणजे ऑक्लुडेड आघाडीची अवस्था: नॉर्वेतल्या बर्गनमध्ये हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म बियर्कनेस 1917 मध्ये आले आणि त्यांच्याभोवती तरुण शास्त्रज्ञांचा जो गट जमला, त्यातल्या टोर बेर्गेरोन यांनी ही अवस्था ओळखली. वेगवान शीत आघाडी पुढच्या उष्ण आघाडीला गाठते, मधली उष्ण हवा जमिनीवरून उचलली जाते आणि आवर्ताचं (कमी दाबाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणालीचं) वय झालं असं समजायचं.

---

समभाररेषा

ऑक्लूजनबद्दल थोडी पुस्ती. ‘गाठणं’ हे चित्र आता अपुरं मानतात. आवर्ताभोवतीच्या फिरणाऱ्या वाऱ्यांत उष्ण हवेची जीभ ताणली जाते, बारीक होते आणि केंद्राभोवती गुंडाळली जाते, असं पाहणं जास्त बरोबर. ‘आवर्ताचं वय झालं’ हेही जरा जपून, कारण ऑक्लूजन सुरू झाल्यावरही केंद्रातला दाब काही काळ उतरत राहू शकतो.

---

झुळूक

दोघांचेही मनापासून आभार. 1:175 वाचून मी फळ्यावर खऱ्या प्रमाणात आकृती काढून पाहिली. साडेतीन मीटर लांब फळ्यावर आघाडी जेमतेम दोन सेंटीमीटर उचलली जाते. हे मुलांकडूनच काढून घेणार.

आणखी एक विचारते. नकाशा न पाहता, साध्या उपकरणांवरून आघाडी गेली हे मुलांना कसं ओळखता येईल? फक्त तापमान पुरेल का?

---

वातकुक्कुट

फक्त तापमानावर विसंबू नका. ढग आला, पाऊस पडला, संध्याकाळ झाली तरी पारा उतरतो. दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव पडू लागतं ते), दाब आणि वाऱ्याची दिशा या तिन्ही नोंदी ठेवा. दवबिंदूसाठी कोरड्या आणि ओल्या फुग्याचा तापमापक पुरतो.

उत्तर गोलार्धात शीत आघाडी येण्याआधी दाब उतरत असतो आणि वारा बहुधा नैऋत्येचा असतो. ती गेली की दाब एकदम चढू लागतो, वारा फिरून वायव्येचा होतो आणि दवबिंदू खाली येतो. दक्षिण गोलार्धात वायव्येचा वारा फिरून नैऋत्येचा होतो.

फसवणारी गोष्ट म्हणजे जवळच्या गडगडाटी ढगातून कोसळणारी गार हवा. तिच्यानेही वारा फिरतो, दाब उसळतो, पारा पडतो. पण ती तासाभरात ओसरते आणि वारा पुन्हा पहिल्या दिशेला येतो. म्हणून दर तासाला नोंद आणि निदान आठ-दहा तास सलग, असं ठरवून घ्या. बदल तसाच टिकून राहिला तर वायुराशी बदलली असं मुलं खात्रीने म्हणू शकतील.