मदत हवी आहे: डेल्टा आणि हिल कंट्री ब्लूज कानाने वेगळे कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी,

चार-पाच महिन्यांपासून रोज ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं लोकसंगीत, ऐकतोय. त्यातली शिकागोची शैली आता लगेच ओळखू येते. पीडमाँट शैलीही कळते, गिटारवादक ब्लाइंड ब्लेकचा अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो, बोटं वर चाल वाजवतात आणि दोन गिटारी चालल्यासारखं वाटतं. गाडी अडते ती मिसिसिपी राज्यातल्या शैलींत.

क्लार्क्सडेलच्या आसपासचा कापसाचा सपाट मुलूख म्हणजे डेल्टा. त्याच्या पूर्वेच्या टेकड्यांत होली स्प्रिंग्ज, कोमो. तिथलं ते हिल कंट्री. गिटारवादक फ्रेड मॅकडॉवेल तारांवर बॉटलनेक (बोटात घातलेली काचेची नळी) घसरवतो, म्हणून मी त्याला डेल्टाचा गायक सन हाउसशेजारी बसवलं होतं. नंतर कळलं, १९५९ साली लोकसंगीत संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने त्याचं ध्वनिमुद्रण कोमोत केलं. मग नीट ऐकलं. कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) जवळजवळ बदलतच नाही, एकच तुकडा फिरत राहतो. टेकड्यांतलाच ज्युनियर किम्ब्रो ऐकताना तर तानपुराच आठवला.

हीच खूण धरू का? मग जॉन ली हुकरचं काय? जन्म क्लार्क्सडेलकडचा, १९४९ मध्ये गाजला तो डेट्रॉइटमधून, आणि वाजवतो एकाच कॉर्डवर!

प्रतिसाद १

खूण बरोबर, पण तेवढ्यावरच विसंबू नका. डेल्टाच्या चार्ली पॅटनकडेही कॉर्ड न बदलणारी गाणी सापडतात. ठेका ऐका. टेकड्यांत वेताची बासरी आणि ढोल यांची जुनी परंपरा आहे, लोक त्यावर नाचतात. आधी बासरीवादक ओथा टर्नर ऐका, लगेच गिटारवादक आर. एल. बर्नसाइड लावा. ढोलाचा ठोका गिटारीत सापडेल. सन हाउस मात्र शब्दासाठी लय ओढतो, ओळ पुरी होईपर्यंत थांबतो.

हुकर स्वतः सांगायचा की त्याचं वाजवणं सावत्र वडील विल मूर यांच्याकडून आलं, आणि ते शेजारच्या लुइझियाना राज्यातले. जन्मगावावरून शैली ठरवली की असं फसायला होतं.

धागाकर्ता

मनापासून आभार! टर्नर आणि बर्नसाइड पाठोपाठ तीनदा ऐकले, ठोका सापडला. किम्ब्रोही आता नाचाचा वाटतो, तानपुरा मागे राहिला.

आता स्किप जेम्स. गाव बेंटोनिया, १९३१ ची ध्वनिमुद्रणं, उंच पातळ आवाज आणि मायनरमध्ये (उदास वाटणाऱ्या स्वरांत) लावलेली गिटार. डेल्टाच्या यादीत त्याचं नाव दिसतं, पण सन हाउसनंतर ऐकला की मुलूखच बदलल्यासारखा वाटतो. त्या गावचं आणखी कोण ऐकू?