जुन्या बंगल्यावर किंवा मागच्या अंगणात दुसरं बिऱ्हाड: बांधकामाचे अनुभव इथे लिहा

मुलाचा संसार, आईवडिलांची सोय किंवा भाड्याची मिळकत, कारण काहीही असो, राहत्या घराच्या आवारात स्वतंत्र स्वयंपाकघर-संडासबाथरूम असलेलं दुसरं बिऱ्हाड उभं करायचं म्हणजे नव्या प्लॉटवर घर बांधण्यापेक्षा वेगळं काम आहे. जुनं घर मध्ये येतं. या कामात असलेल्यांनी मापांसकट लिहावं. इंटिरियर आणि रंगाबद्दल दुसरीकडे भरपूर मिळतं, ते इथे नको. (प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओळंबा

मजला चढवायचा असेल तर ठेकेदार बोलावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. "कॉलमला सळया सोडल्यात म्हणजे मजल्याची सोय आहे" हे गृहीत धरणं सगळ्यात धोक्याचं आहे. सळया सोडायला फारसा खर्च येत नाही, फुटिंग (कॉलमखालचा पाया) मोठं करायला येतो. म्हणून एका कोपऱ्यातलं आणि एक मधलं, अशी किमान दोन फुटिंगं उकरून लांबी-रुंदी-खोली मोजावी.

काँक्रीटची ताकद बघायला नुसत्या रिबाउंड हॅमरवर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) विसंबू नये. तो पृष्ठभागाचं सांगतो, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनमुळे (हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरून) कडक झालेला असल्याने आकडा फुगतो. किमान तीन कोअर (यंत्राने कापलेले काँक्रीटचे गोल नमुने) काढावेत. ताज्या काढलेल्या कोअरवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की आतला भाग गडद गुलाबी होतो आणि बाहेरचा कार्बोनेशन झालेला पट्टा तसाच राखाडी राहतो. हा राखाडी पट्टा कॉलममध्ये सळईपर्यंत, म्हणजे साधारण ४० मिमी आत पोचला असेल, तर सळईचं संरक्षण संपलं. अशा कॉलमवर मजला चढवण्याआधी त्याची दुरुस्ती किंवा जॅकेटिंग (कॉलमभोवती नव्या काँक्रीटचं आवरण).

गच्चीवर सोडलेल्या सळया तारेच्या ब्रशने घासून व्हर्नियरने मोजा. पापुद्रे निघून १६ मिमीची सळई १४ मिमी भरली, तर दिसायला दोनच मिमी गेले, पण क्षेत्रफळ २०१ वरून १५४ चौ.मिमीवर आलं. जवळपास चौथा हिस्सा गेला. ती सळई धरायची नाही.

भक्कमपाया

सळया नसतील किंवा गेल्या असतील तर केमिकल अँकरिंग होतं, म्हणजे जुन्या काँक्रीटमध्ये भोक पाडून इपॉक्सीने नवी सळई चिकटवणं. १६ च्या सळईला २० मिमीचं भोक, खोली डिझाइनप्रमाणे. बिघडतं ते एकाच ठिकाणी: भोकातली धूळ. ब्रश, हवा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा, एवढं करून मगच इपॉक्सी, आणि तेही तळापासून वर भरत आणायचं. तोंडाशी भरून सळई ठोकली की आत हवा अडकते. दहा सळयांमागे एकदोन ओढून तपासायला लावा.

जुनी-नवी सळई शेजारी ठेवून केलेला जोड सळईच्या व्यासाच्या ५० पट लांब, म्हणजे १६ मिमीला ८०० मिमी. जोडाच्या भागात उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा एकमेकींपासून १०० मिमीपेक्षा लांब नकोत आणि त्यांचे हूक १३५ अंशांत वळवून आत गेलेले हवेत. फिटर ९० अंशांत वळवून मोकळा होतो, तेव्हा कॉलमची पेटी बंद करण्याआधी स्वतः वाकून बघा.

ओळंबा

गच्चीवरच्या कोब्याबद्दल लिहायचं राहिलं, आणि तेच बहुतेक घरांत विसरतात. वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा सरासरी १२५ मिमी धरला तर दर चौ.मीटरला सुमारे २४० किलो होतो. राहत्या घराच्या स्लॅबसाठी माणसं-सामान मिळून धरलेला भार आहे २०० किलो. म्हणजे कोबा ठेवून त्यावर फरशी टाकली की स्लॅबवर आणखी एक बिऱ्हाड कायमचं बसवल्यासारखं होतं. ६० चौ.मीटरच्या गच्चीवर हे १४ टन भरतात. कोबा काढलाच पाहिजे.

काढताना छिन्नी-हातोडा, पट्ट्यापट्ट्याने, भिंतीच्या कडेकडून. जड ब्रेकर लावला तर खालच्या खोलीच्या छताचा गिलावा सुटतो. राडारोडा स्लॅबच्या मध्यावर ढिगाने साठवू नका, त्याच दिवशी खाली उतरवा. हे काम पावसाळा संपल्यावरच काढा, कारण कोबा निघाला की खालचं घर उघडं पडतं.

भिंतींचंही तसंच. ९ इंची विटेची ३ मीटर उंच भिंत गिलाव्यासकट दर रनिंग मीटरला दीड टन. १५० मिमीच्या एएसी ब्लॉकची (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक) तेवढीच भिंत अर्ध्या टनाच्या आत. जुन्या पायावर चढताना विटेचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्लॉकच्या भिंतीला आणि कॉलमला जिथे सांधा येतो तिथे गिलाव्याआधी जाळी मारा, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात उभी रेघ दिसेल.

काळीमाती

अंगणात वेगळं बांधणाऱ्यांसाठी. जुन्या फुटिंगच्या तळापासून ४५ अंशांची तिरकी रेघ खाली-बाहेर काढा. नवी खोदाई त्या रेघेच्या खाली गेली की जुन्या पायाखालची माती सुटते. जावंच लागलं तर सलग चर नको: मीटरभराचा खड्डा, काँक्रीट, मग एक सोडून पुढचा. जुनी आणि नवी इमारत एकमेकींना बांधू नये, मध्ये २५ मिमीचा सांधा थर्माकोल घालून ठेवावा. जुनं घर बसून झालेलं असतं, नवं अजून बसायचं असतं.

काळ्या मातीत साधं फुटिंग नको. अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत ओतलेला, तळाशी फुगवलेला काँक्रीटचा खांब) घ्या: ३०० मिमीचा दांडा असेल तर खालचा फुगा ७५० मिमी, खोली सुमारे ३.५ मीटर, म्हणजे ओल-वाळवणीचा खेळ जिथे थांबतो तिथवर. जोत्याचा बीम मातीवर टेकवू नका, खाली ८० मिमी पोकळी हवी. पावसाळ्यात माती फुगून बीमला वर ढकलते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात.

नळजोड

जुना स्लॅब बाथरूमसाठी खाली सोडलेला नसतो. तो फोडून नहाणी ट्रॅप बसवू नये, सळया कापल्या जातात. बाथरूमची जमीन एक पायरी वर घ्या, भराव एएसी ब्लॉकच्या तुकड्यांचा, कमोड पी ट्रॅपचा, म्हणजे पाइप भिंतीतून थेट बाहेर. टाइल लावण्याआधी ४८ तास पाणी साठवून खालून छत बघा.

११० मिमीच्या पाइपला ६० ला १ उतार, प्रत्येक वळणावर चेंबर. उभा पाइप छताच्या वर नेऊन उघडा सोडायचाच. नाही नेला तर वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या ट्रॅपमधलं वास अडवणारं ५० मिमी पाणी ओढलं जातं आणि खालच्यांच्या घरात वास येतो.

सेप्टिक टँक जुनाच वापरायचा तर आधी माप घ्या. ५ माणसांना १.५ × ०.७५ × १ मीटर, १० माणसांना २ × ०.९ × १ मीटर, वर ३० सेंमी मोकळी जागा. हे वर्षाला उपसण्याच्या हिशेबाने. दोन वर्षांनी उपसायचा असेल तर १० माणसांना पाण्याची खोली १.४ मीटर हवी. पिण्या-वापरायचं पाणी माणशी दिवसाला १३५ लिटर धरा.

सर्किट

दोन मीटर असतील तर न्यूट्रल कुठेही एकत्र येता कामा नये. जिन्याचा दिवा खालून एका मीटरवर आणि वरून दुसऱ्यावर जोडला की आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडतो, आणि वायरमन वैतागून तो काढूनच टाकतो. तसं करू देऊ नका. जिन्याचा दिवा एकाच मीटरवर घ्या. वायर गिझर-एसीला ४ चौ.मिमी, प्लगला २.५, दिव्यांना १.५.

नकाशा

मुंबई वगळता बहुतांश महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर (बांधकाम परवानगीची एकत्रित नियमावली) लागू आहे. अंगणातली खोली सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) येत असेल तर एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) शिल्लक असूनही परवानगी मिळत नाही, म्हणून मोजणी आधी. मजल्याला इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र लागतं, आणि काम झाल्यावर वाढीव भागाचं भोगवटा प्रमाणपत्र वेगळं घ्यावं लागतं. भाड्याने देणार असाल तर करार लेखी आणि नोंदणीकृत, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे.

भक्कमपाया

सेंटरिंग (ओल्या काँक्रीटखालचे फळ्या-टेकू) लवकर काढण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. दोन आधारांमधलं अंतर ४.५ मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीम ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. हे साध्या सिमेंटचे दिवस आहेत, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) आणि थंडी असेल तर वाढवा. आणि नव्या स्लॅबचे टेकू जुन्या स्लॅबवर उभे असतात, तेव्हा काँक्रीट ओतायच्या दिवशी खालच्या खोल्यांतही त्याच रेषेत टेकू लावून ठेवा.