गावच्या सप्ताहातली कीर्तनं यूट्यूबवर टाकावीत का?

सप्ताह_समिती
रामकृष्णहरी. चैत्रात सात दिवसांचा हरिनाम सप्ताह आहे. रोज रात्री ९ ते ११ कीर्तन, आठव्या दिवशी सकाळी काल्याचं. मुंबई-पुण्याला असलेली मंडळी म्हणतात, सगळी कीर्तनं यूट्यूबवर टाका. समितीतल्या जुन्या जाणत्यांना ते पटत नाही. हाताशी फुल एचडी शूटिंग करणारा मोबाईल, स्टँड आणि मंडपवाल्याचा मिक्सर आहे. टाकल्याने काय मिळेल, काय बिघडेल, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पखवाज_पुडी
माऊली, आधी आवाजाचं बघा. कीर्तन लोक डोळे मिटूनही ऐकतात, पण आवाज फाटला की दोन मिनिटांत बंद करतात.

मोबाईल टाळकऱ्यांजवळ ठेवला की टाळांशिवाय काही येत नाही. टाळाचा आवाज तीक्ष्ण असतो. त्याला सांभाळायला मोबाईल आपोआप एकूण आवाज खाली ओढतो, मग बुवांचं निरूपण तळाला जातं. मोबाईल मागे नेला तर कर्ण्याचा घुमारा येतो. म्हणून चित्र मोबाईलवर घ्या आणि आवाज मिक्सरवरून वेगळा घ्या.

मिक्सरचा मेन आउट घेऊ नका. पखवाज आणि टाळ मंडपात नुसतेच मोठे ऐकू येतात, म्हणून मंडपवाला ते स्पीकरला फार देत नाही. तोच आवाज रेकॉर्डिंगला घेतला तर बुवा एकटेच गात आहेत असं वाटतं. ऑक्स आउट मागा, म्हणजे मिक्सरचं वेगळं आउटपुट, ज्यावर प्रत्येक माईक हवा तेवढा घेता येतो. त्यावर बुवांचा माईक पुरता, पेटी आणि पखवाज त्याहून थोडे कमी, आणि टाळकऱ्यांसमोर चार-पाच फुटांवर एक माईक अगदी हलका. ऑक्स 'प्री-फेडर' (फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, तिच्या आधीच घेतलेला) असेल तर उत्तम, म्हणजे शिट्टी वाजली म्हणून मंडपवाल्याने फेडर खाली ओढला तरी तुमचं रेकॉर्डिंग हलत नाही.

ही वायर थेट मोबाईलच्या माईकच्या भोकात घालू नका. मिक्सरमधून लाइन लेव्हल (जोरदार सिग्नल) येते, मोबाईलला माईक लेव्हल (अगदी हलका सिग्नल) लागते. दोन्हींत फार फरक आहे, आवाज फाटणारच. लाइन-इन असलेला छोटा डिजिटल रेकॉर्डर घ्या. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल दोन तासांना साधारण १.४ जीबी होते. लेव्हल गजराच्या वेळी लावा, निरूपणाच्या वेळी नाही. सगळे टाळ, पखवाज टिपेला असताना काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये.

चित्र आणि आवाज जुळवायला कॅमेऱ्यासमोर टाळाचा एक स्वच्छ ठोका घ्या, सुरुवातीला आणि शेवटीही. मोबाईल बहुधा बदलत्या फ्रेमरेटने (सेकंदाला किती चित्रं, तो वेग) शूटिंग करतो. त्यामुळे सुरुवातीला जुळलेला आवाज दीड तासानंतर ओठांच्या पुढे-मागे होतो. जुळवण्याआधी व्हिडिओ हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून काढा.

हक्क_आणि_परवानगी
वरच्या प्रतिसादातलं सगळं केलं तरी परवानगीवाचून व्हिडिओ टाकू नका. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण कीर्तन बुवांचं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ मध्ये कलाकाराचा स्वतंत्र हक्क आहे आणि कायद्यातल्या 'कलाकार' शब्दात गायक-वादकांबरोबर व्याख्यान देणाराही येतो. काही बुवांचे स्वतःचे चॅनल असतात, काहींनी एखाद्या कंपनीशी करार केलेला असतो. सुपारी ठरवतानाच एका कागदावर लिहून घ्या: तारीख, ठिकाण, पूर्ण कीर्तन यूट्यूबवर प्रसिद्ध करायला हरकत नाही, छोटे तुकडे काढलेले चालतील की नाही. पखवाजवादक आणि गायनाचार्यांचीही सही घ्या.

दुसरी अडचण चालीची. अभंगाच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही, पण नावाजलेल्या संगीतकाराने बांधलेली चाल जशीच्या तशी गायली तर यूट्यूबची यंत्रणा सूर ओळखून क्लेम (हक्काचा दावा) लावू शकते. पारंपरिक वारकरी चालींना हा धोका कमी. खरी गडबड होते ती कीर्तनाआधी. मंडपवाला कर्ण्यावर तयार भक्तिगीतं लावतो आणि मोबाईल आधीच चालू केलेला असतो. ध्वनिमुद्रिकेचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे १९७० सालची तबकडी २०३० अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. तेवढा भाग कापूनच अपलोड करा. राहून गेलाच तर यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमधून नंतरही कापता येतो, व्हिडिओ पुन्हा चढवावा लागत नाही.

क्लेम आणि स्ट्राइक यांत घोटाळा करू नका. क्लेम आला तर बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जातात. चुकीचा वाटला तर 'डिस्प्यूट' करा, दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. स्ट्राइक (हक्कभंगाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जाणं) गंभीर. ९० दिवसांत तीन झाले की चॅनल सगळ्या व्हिडिओंसकट जातो.

समितीतल्या ज्येष्ठांचा आक्षेप जाहिरातींना असेल तर तो रास्त आहे. चॅनलने कमाई सुरू केलेली नसली तरी २०२१ पासून यूट्यूब व्हिडिओवर स्वतःच्या जाहिराती दाखवू शकतं आणि त्यातला पैसा तुम्हाला मिळत नाही. निरूपण रंगलेलं असताना मध्येच कसलीही जाहिरात येईल. तुमचा हिस्सा सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं (शॉर्ट्सची अट वेगळी). आठ कीर्तनांच्या भरवशावर तो हिशेब मांडू नका.

बिनतारी
फाइलींचा हिशेब. मोबाईलवर फुल एचडी म्हणजे मिनिटाला साधारण १२५ एमबी, दोन तासांना १५ जीबी. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर एक कीर्तन चढायला सव्वातीन-साडेतीन तास लागतील. ७२० पिक्सेल, ५ एमबीपीएस असं काढलंत तर तेच साडेचार जीबीत बसतं आणि तासाभरात चढतं. कीर्तनाला तेवढं पुरे, बुवा काही पळत नाहीत.

मोबाईल विमान मोडवर ठेवा, नाहीतर एका फोनने शूटिंग तुटतं. रोज रात्री कार्ड रिकामं करा.

खात्याची पडताळणी फोन नंबरने आजच करून ठेवा. त्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही आणि हे लोकांना पहिल्या कीर्तनाच्या रात्री साडेअकराला कळतं.

चॅनल कुणा एका पोराच्या खासगी जीमेलवर उघडू नका. तो नोकरीला गेला, नंबर बदलला की मंडळाचं सगळं अडकतं. मंडळाच्या नावाने खातं, रिकव्हरी नंबर अध्यक्षांचा, आणि काम करणाऱ्यांना पासवर्ड न देता स्टुडिओच्या सेटिंगमधून 'मॅनेजर' परवानगी.

मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर ठेवा. यूट्यूब स्टुडिओतून आपलाच व्हिडिओ उतरवला तरी फार तर ७२० पिक्सेलचा मिळतो आणि वेगळा घेतलेला वेव्ह आवाज तर तिथे नसतोच.

सप्ताह_समिती
मंडळी, आभार. दोन शंका राहिल्या. एक, कीर्तनातलं अर्धं वाक्य कापून कुणी फिरवलं तर? दुसरी, काल्याचं कीर्तन थेट दाखवता येईल का?

हक्क_आणि_परवानगी
पहिलीचं उत्तर: पूर्ण बंदोबस्त नाही. स्क्रीन रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर टाकणाऱ्याला थांबवता येत नाही. यूट्यूबपुरतं मात्र अपलोड करताना 'शॉर्ट्स रिमिक्सिंग' (तुमच्या व्हिडिओचा तुकडा घेऊन दुसऱ्यांनी शॉर्ट्स बनवणं) बंद करा. वर्णनात वेळा लिहा: पहिली ओळ ०:०० ची, किमान तीन टप्पे, प्रत्येक १० सेकंदांहून मोठा. जय जय रामकृष्णहरी, अभंग, निरूपण, दृष्टांत, शेवटचं 'हेंचि दान' असे टप्पे पाडले की मूळ वाक्य मागच्या-पुढच्या संदर्भासह लगेच सापडतं. एखाद्या बुवांना व्हिडिओ सर्वांपुढे नको असेल तर 'अनलिस्टेड' ठेवा. शोधात येत नाही, लिंक असलेल्यालाच दिसतो. पण लिंक पुढे गेली की तोही उघडा.

बिनतारी
थेट प्रक्षेपण होतं, पण मोबाईल अॅपवरून करायचं तर ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवर ओबीएस (थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) घेतलं तर ती अट नाही. दोन्हीकडे पहिल्यांदा लाइव्ह चालू करण्याची विनंती दिल्यावर २४ तासांपर्यंत थांबावं लागतं, म्हणून सप्ताहाच्या आधीच देऊन ठेवा.

७२० पिक्सेल, ३ एमबीपीएसने दोन तासांना २.७ जीबी जातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर गवळणी सरून दहीहंडी जवळ आली की डेटा संपेल आणि चित्र गोठेल. वेगळं डेटा व्हाउचर मारा. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागेवरून अपलोडचा वेग तपासा, ६ एमबीपीएसच्या खाली असेल तर ४८० पिक्सेलवर या. काल्याला गर्दी झाली की सगळ्यांचे मोबाईल त्याच टॉवरवर येतात, त्यामुळे मंडपाशेजारच्या घरातलं ब्रॉडबँड लांब लॅन केबलने आणता आलं तर तेच घ्या. ओबीएसमध्ये 'स्टार्ट रेकॉर्डिंग'ही दाबा. नेट गेलं तरी लॅपटॉपवर अखंड कीर्तन राहतं आणि संध्याकाळी ते नीट चढवता येतं.