नववी-दहावीच्या पोरांना बोंडअळी मोजायला शिकवायची आहे, फरदडीवर गावात बोलायला लावायचं आहे. सुरुवात कुठून?

बोरीकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. पारोळा तालुक्यातलं गाव. बहुतेक कपाशी, पेरणी जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. निम्म्या विहिरींना जानेवारीपर्यंत पाणी पुरतं, त्यामुळे फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पाणी देऊन उभी ठेवलेली कपाशी, ठेवणारे बरेच. शाळेतली 24 मुलं-मुली आणि कॉलेजला जाणारे पाच-सहा जण तयार आहेत. त्यांनी या हंगामात गुलाबी बोंडअळी नीट शिकावी आणि डिसेंबरात कपाशी उपटा हे गावाला पटवावं, असं ठरतंय.

प्रभातफेरी आणि फलक नकोत, लोक ओट्यावरून बघतात आणि परत गप्पांना लागतात. सापळे किती लावायचे, नेमकं काय मोजायचं, मुलांचे आकडे कुठे चुकतात आणि ग्रामसभेत हा विषय कसा आणायचा, एवढं सांगा.

कामगंध

पाच शेतं निवडा, प्रत्येकी एका एकरात दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे. निरीक्षणासाठी एकरी दोन पुरतात. एकरी आठ लावतात ते पतंग पकडून संपवायला, त्याच्याशी गल्लत नको. चार-पाच मुलांचा एक गट, एका गटाला एक शेत. कॉलेजची पोरं वह्या तपासतील.

शेतं निवडतानाच अर्धं काम होतं. एक शेत गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळलेल्या झाडांची) गंजी बांधावर पडलेल्या ठिकाणाजवळचं घ्या, एक त्यापासून लांबचं, एक मे महिन्यात ठिबकवर लावलेलं मिळालं तर तेही. उरलेली दोन शिवाराच्या वेगवेगळ्या बाजूंना. पुढे गावाला या शेतांमधला फरकच दाखवायचा आहे. मात्र गंजीजवळ जास्त पतंग सापडले म्हणजे सगळे तिथूनच आले असं मुलांना म्हणू देऊ नका. पतंग उडतो, शेजारच्या शिवारातूनही येतो.

सापळे पेरणीनंतर 45 दिवसांनी, म्हणजे तुमच्याकडे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर हवा. इथेच सगळे फसतात. ऑगस्टच्या उंचीला काठी रोवतात, ऑक्टोबरात कपाशी सापळ्याच्या वर जाते आणि पतंग येईनासे होतात. मग मुलं लिहितात, अळी कमी झाली. सहा-सात फुटांची काठी रोवा, सापळा तारेने बांधा आणि दर पंधरवड्याला वर सरकवा.

ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) गुलाबी बोंडअळीचंच मागा, म्हणजे गॉसिप्ल्यूर. नुसतं 'बोंडअळीचं द्या' म्हटलं तर दुकानदार अमेरिकन बोंडअळीचं हातात ठेवेल. एका सापळ्यात दोन जातींची ल्यूर कधीच नको. ती साधारण चार आठवड्यांनी बदलायची, पाकिटावर मुदत कमी असेल तर ती पाळा. नोव्हेंबरअखेरपर्यंत 10 सापळ्यांना 40 लागतील, चार-पाच जास्तीची घ्या. फोडलेलं पाकीट गार जागी ठेवा. जुनी ल्यूर बांधावर फेकू नका, तिचा वास तिथेच राहतो आणि पतंग भलतीकडे फिरतात. ल्यूर बसवणाऱ्याच्या हाताला तंबाखू, कांदा, औषध काही नको.

मोजणीचा नियम एकच: रात्रीचा आकडा. पातळी, म्हणजे जिच्यापुढे उपाय करावा लागतो तो आकडा, आहे सलग तीन रात्री, प्रत्येक सापळ्यात, दर रात्री 8 किंवा जास्त पतंग. आठवड्याने एकदा पिशवी उघडून 56 मोजले आणि सातने भागलं, तर तो आकडा चालत नाही. एकाच रात्री 40 आलेले असू शकतात. सोमवारी संध्याकाळी पिशवी रिकामी करा, मग मंगळ, बुध, गुरू शाळेआधी मोजा. पिशवीचं खालचं टोक रबराने घट्ट बांधा. सैल राहिलं की मुंग्या शिरतात, पतंग खातात आणि सकाळी नुसते पंख उरतात. पंख दिसले तर वहीत 'मुंग्या' लिहायचं, शून्य नाही.

सरकी_ताई

सापळा नर पतंग दाखवतो, बोंडात काय चाललंय ते नाही. म्हणून सापळ्यासोबत बोंडं फोडायलाही शिकवा. मुलांना खरी गंमत त्यातच येते.

एकरातून फिरत 20 झाडं, प्रत्येकाचं एक हिरवं बोंड. बांधाकडच्या दोन ओळी सोडा. अगदी कवळं नको, कडक होऊन उकलायला आलेलंही नको, मधलं घ्या. शिवणीवर दोन्ही अंगठ्यांनी दाबलं की तडकतं. बाहेरून भोक शोधत बसू नका. अळी बारीक असताना आत शिरते आणि भोक बुजून जातं, म्हणून वरून बोंड अगदी निरोगी दिसतं. आतल्या सालीला बघा. त्यावर बारीक फोडासारख्या गाठी असतील, नखाने खरवडलं तर तपकिरी रेघ दिसेल. मग कप्प्यातला ओला कापूस बाजूला सारून सरकी बघा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर त्या वेगळ्या करा, आत अळी गुंडाळून बसलेली असते. हंगाम संपल्यावर ती अशीच सुप्तावस्थेत पडून राहते. फरदड आणि पऱ्हाट्या धोक्याच्या का, हे त्या दोन सरक्या हातात घेतल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

मुलांची ठरलेली चूक: अळी पांढरी दिसली की 'ही गुलाबी नाही' म्हणून सोडून देतात. बारीक असताना ती पांढुरकी आणि काळ्या डोक्याचीच असते, गुलाबी रंग मोठी झाल्यावर येतो. 20 बोंडांत 2 जिवंत अळ्या म्हणजे 10 टक्के, पातळी ओलांडली.

फुलं लागली की डोमकळ्याही मोजा. शंभर फुलं बघायची. डोमकळीच्या पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून रेशमी धाग्याने बांधलेल्या दिसतात. तिथेही 10 ला पातळी. सापडलेली डोमकळी तोडून पिशवीत घ्या, आतल्या अळीसकट चिरडा. जमिनीवर टाकलीत तर मोजणी झाली, काम नाही झालं.

कामगंध

ताईंच्या मुद्द्याला जोड. 'बीटी आहे, अळी लागतच नाही' हे गावात ऐकायला मिळेल. मुलांना उत्तर पाठ नको, समजलेलं हवं. बोलगार्ड-2, म्हणजे झाडातच अळीला मारणारं विष असलेलं बीटी बियाणं, 2006 मध्ये आलं. अमेरिकन बोंडअळीवर ते टिकलं. गुलाबी अळी ते विष पचवायला शिकली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर कपाशी गेली. पीक जितके महिने रानात उभं, तितक्या तिच्या पिढ्या जास्त. फरदडीने तिला हे जास्तीचे महिने मिळतात.

पारावरचा

ग्रामसभेबद्दल. तारखा आधी मांडा: 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी, 1 मे. फरदडीचा विषय 26 जानेवारीला मांडणार असाल तर वराती मागून घोडं. तेव्हा ज्याला ठेवायची त्याने पाणी देऊन झालेलं असतं. म्हणून 2 ऑक्टोबर धरा. तोवर मुलांकडे सहा-सात आठवड्यांचे आकडे असतील. ते फार मोठे नसतील, कारण प्रादुर्भाव चढतो तो त्यानंतर. हे उघड सांगा, फुगवू नका.

नोटीस निघण्याआधी ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. विषयपत्रिकेत नसलेला विषय 'आयत्या वेळच्या विषयां'त जातो आणि तोवर निम्मे लोक उठलेले असतात. मतदार यादीतले लोक ग्रामसभेचे सदस्य, म्हणजे 18 खालची मुलं मत देऊ शकत नाहीत. सरपंचांना आधी सांगून ठेवलं तर बोलू देतात. अर्जावर सही कॉलेजच्या 18 पूर्ण झालेल्या पोरांची घ्या.

मागणी काय करायची ते फार महत्त्वाचं. 'फरदडीवर बंदी घाला' असा ठराव झाला तरी कोणाच्या खाजगी रानात तो लागू करता येत नाही, सगळ्यांना ते माहीत असतं. त्यापेक्षा तीन छोट्या गोष्टी मागा. पऱ्हाट्या बारीक करणारं श्रेडर डिसेंबरअखेर गावात भाड्याने आणायचं आणि गल्लीवार तारखा लावायच्या. बांधावरच्या जुन्या गंज्या मे महिन्याआधी संपवायच्या. वेचणी संपलेल्या रानात मेंढ्या-बकऱ्या बसवायला मेंढपाळांशी गावाने एकत्र बोलायचं. झाडावर राहिलेली कवडी (किडकी, नीट न उकललेली) बोंडं त्या खाऊन साफ करतात.

बोलणं दोन मुलांनी, तीन-तीन मिनिटं. एकाने कागदावरचे आकडे, दुसऱ्याने फोडलेली बोंडं ताटात घेऊन पुढच्या रांगेतून फिरवायची. भाषा अहिराणी. शाळेतल्या वक्तृत्वाची मराठी ऐकली की लोक टाळ्या वाजवतात आणि विसरतात. 'फरदड ठेवशात त अळीले माहेर भेटी' असं म्हटलं की म्हातारीही मान डोलावते.

विहिरीला_पाणी_आहे

सगळं ठीक, पण भो, ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने फुकटचे दोन क्विंटल का सोडायचे? पोरं देणार आहेत का भरून?

पारावरचा

रास्त प्रश्न, आणि मुलांना याचीच तयारी हवी. हिशेब त्यांनीच करावा, गावातल्या तीन फरदडवाल्यांना विचारून. मांडणी अशी, आकडे फक्त समजायला धरलेत. समजा एकरी 2 क्विंटल आणि कवडीमिश्रित मालाला 5,000 भाव, म्हणजे 10,000 रुपये. वेचणी किलोला 12 रुपयांनी 2,400. दोन फवारण्या औषध-मजुरीसह 2,500. खत-पाणी 1,500. हातात 3,600, आणि रान मार्चपर्यंत अडकलेलं. त्याच पाण्यावर मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारीत उन्हाळी बाजरी किंवा भुईमूग पेरता येतो. भुईमुगाला पाणी जास्त लागतं. विहीर मार्चात तळ गाठत असेल तर बाजरी बरी. तिचाही हिशेब शेजारच्या रकान्यात.

आता खरं बोलायचं तर एखाद्याला फरदड परवडतेही. 3,600 म्हणजे शून्य नाही, मुलांनी ते नाकारू नये. अडचण ही की नफा त्याच्या एकट्याच्या रानात आणि पुढच्या वर्षीची जास्तीची फवारणी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांच्या रानात. म्हणून एकेकट्याला समजावत फिरू नका, लागून असलेल्या दहा-बारा शेतांचा गट धरा. मधल्या एकाने ठेवली तर बाकीच्यांची मेहनत निम्मी वाया जाते, हे त्यांना नकाशावर दाखवा. तलाठ्याकडचा गट नकाशा मोठा करून घ्या, फरदड राहिलेली शेतं लाल पेन्सिलीने रंगवा. शेतकऱ्याचं नाव कुठे लिहू नका, नाहीतर भांडणं शाळेपर्यंत येतील.

सरकी_ताई

राहिलेली गोष्ट, खरं तर पहिल्यांदा सांगायची होती. मुलांनी फवारणीच्या पंपाला, बाटलीला, रिकाम्या डब्यालाही हात लावायचा नाही. शेतमालकाकडून फवारणीची तारीख आधी घ्या. फवारलं की दोन दिवस त्या शेतात मोजणी बंद आणि वहीत तसं लिहायचं. यवतमाळला 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले, ते याच पिकावर. पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट, मोजून झाल्यावर साबणाने हात. सापासाठी पुढे चालणाऱ्याच्या हातात काठी.

बारावीच्या पोरांना काही करूनच बघायचं असेल तर निंबोळी अर्क. 5 किलो निंबोळीचा भरडा 9 लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळायचा. 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून त्यात मिसळायचा. 1 लिटर अर्काला 9 लिटर पाणी. त्याच दिवशी वापरायचा, उरलेला दुसऱ्या दिवशी कामाचा नाही.

बोरीकाठ

बरंच हाती लागलं. शेवटचं एक, पतंग ओळखायला कोणाला बोलवू? सापळ्यात भलतेसलते किडेही येतील.

कामगंध

ल्यूर बरोबर असेल तर भलते कमीच येतात. हा पतंग बारीक, जेमतेम सेंटीमीटरभर, करड्या-तपकिरी पंखांवर काळपट ठिपके. पहिल्या आठवड्याचे पाच-सहा पतंग काडेपेटीत कापसावर ठेवा आणि ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात दाखवून या. शेवटच्या वर्षाचे कृषिदूत (गावात काम शिकायला येणारे कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी) तालुक्यात कुठे आलेत तेही तिथेच विचारा, एखादा दिवस तुमच्याकडे येतील. काडेपेटी घट्ट दाबू नका, पंखांवरची पावडर झडली की ठिपके जातात.