'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट'ला करार म्हणायचं की संविदा?

अनुवाद_करणारी: कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. ब्लॉकचेनवरच्या (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या नोंदवहीवरच्या) स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे ठरलेली अट पुरी झाली की आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला, 'स्मार्ट करार' लिहिलं आणि एका वाक्यापाशी अडले : 'स्मार्ट करार हा करार असेलच असं नाही.' मुद्रितशोधकांनी खाली लाल रेघ मारून समासात लिहिलंय, 'मग करार का म्हणता?' त्यांचं बरोबरच आहे. काय लिहू?

वकील_सातारा: ताई, १८७२ च्या कायद्याचं मराठी नाव 'भारतीय संविदा अधिनियम'. अ‍ॅग्रीमेंट म्हणजे करार. कायद्याने बजावता येईल असा करार म्हणजे संविदा. त्यामुळे 'स्मार्ट संविदा' मुळीच नको. कोर्टात टिकेल की नाही ते ठरण्याआधीच शिक्का बसतो.

जुना_वाचक: संविदा बोलण्यात कोण वापरतं? करार अरबीतून आला, मुळात स्थिरावणं, ठरणं. इकरार त्याच घरातला. खटकतो तो 'स्मार्ट'. 'स्वयंचलित करार' म्हणा.

कोड_लिहिणारा: संगणकशास्त्रज्ञ निक साबो यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली, तेव्हा नाणं टाकलं की वस्तू देणाऱ्या यंत्राचं उदाहरण दिलं होतं. इथिरियम या ब्लॉकचेनच्या सॉलिडिटी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तर नुसती मतं मोजणारा प्रोग्रॅमसुद्धा 'कॉन्ट्रॅक्ट' या शब्दाखाली लिहितात. तिथे करार कसला? मी 'स्वयंचलित व्यवहार' म्हणेन.

वकील_सातारा: आपल्या दस्तात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असतात. तुमच्या कोडमध्ये लिहून देणार कोण? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार बाद होत नाही, हे मान्य. पण दमदाटीने संमती घेतली असेल तर संविदा कायद्याचं कलम १९ त्या माणसाला करार रद्द करायचा हक्क देतं. कोडने पैसे वळते केल्यावर तो हक्क कुठे बजावायचा?

कोड_लिहिणारा: साहेब, एकदा मागे फिरवलंय. जून २०१६ मध्ये इथिरियमवरच्या 'द डाओ' या सामाईक गुंतवणूक निधीच्या कोडमधल्या चुकीतून सुमारे ३६ लाख इथर (इथिरियमचं चलन) काढून घेतले गेले. ते परत मिळावेत म्हणून जुलैत बहुतेकांनी ब्लॉकचेनची साखळीच दुसऱ्या वाटेने नेली. 'कोड तोच कायदा' म्हणणारे जुन्या साखळीवर राहिले, ती इथिरियम क्लासिक. पण दर वेळी असं नाही करता येत.

सोलापूरकडचा: आजोबांबरोबर बैलबाजारात जायचो. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, इसाराची नोट हातावर पडली की सौदा पक्का. एकदा घरी आणलेला बैल दुसऱ्या दिवशी मागच्या पायाने लंगडायला लागला. विकणाऱ्याने खुराला हात लावून पाहिलं, मान हलवली आणि इसार परत केला. कागद नव्हता, तरी करार होता. खुराला हात लावून बघणं कोडला जमत नाही, म्हणून मीही 'करार' म्हणणार नाही.

जुना_वाचक: इसार नव्हे, विसार. आमच्याकडे विसारपावतीच म्हणतात.

सोलापूरकडचा: आमच्याकडे इसारच. आजोबांच्या ट्रंकेत इसारपावत्या आहेत, त्यांच्याच हातच्या.

वकील_सातारा: माझ्याकडे साठेखताला जोडून दोन्ही येतात. दुरुस्त कोणालाच करत नाही.

अनुवाद_करणारी: 'व्यवहार' लिहिला तर पुढच्या पानावरच्या ट्रॅन्झॅक्शनला काय म्हणू? तिथे 'व्यवहार' आधीच वापरलाय. उद्या पानं द्यायची आहेत.

जुना_वाचक: ताई, बघतो. पण विसार जुना की इसार, ते आधी कोणीतरी सांगा.