अनुभव धागा : चेंबरचा नट, सहा सूत आणि चार दिवस

रात्री गाडी लावली की इंजिनाखाली पुठ्ठा सरकवायचा, ही वडिलांची शिस्त. सकाळी पुठ्ठा बघितला की गाडीची तब्येत कळते. आमची टाटा १२१० (मालट्रक) वडिलांकडे आली तेव्हाच तिसऱ्या हातातली होती. आता लांब पल्ला नाही. गुऱ्हाळावरून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गूळ आणि जवळपासचं भाडं, एवढंच. दिवाळीनंतर पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग दिसायला लागला. आठवड्यात त्याची भाकरी झाली.

खाली शिरलो. गळती चेंबरच्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीच्या) नटातून, म्हणजे ऑइल सोडायचा जो ड्रेन प्लग, त्यातून. काढला तर आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप, तीही दोन-तीन थरांची. टेप सोलली, आतले आटे उंदरानं कुरतडल्यासारखे. म्हटलं, नट तो केवढा, अर्ध्या तासाचं काम. त्या अर्ध्या तासाचे चार दिवस झाले, म्हणून हा धागा काढतोय.

पहिल्या दुकानात ‘१२१० चा ड्रेन नट’ मागितला. मिळाला तो अठरा एमएमचा. भोकात घातला तर डुगडुगतोय, पण पाच-सहा आटे गेल्यावर जाम. दुसऱ्या दुकानात म्हणाले, भोक झिजलंय, वीसचा घ्या. तो तोंडाशीच अडला, अर्धा आटासुद्धा घेईना. माझ्या हातात तेव्हा दोन फुटी पाइप होता, पान्याला लावायला. तेवढ्यात आई चहाला हाक मारत आली, म्हणून चेंबर वाचलं.

तिसऱ्या दिवशी उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरमामांकडे गेलो. त्यांनी आधी जुना नट डिझेलमध्ये बुडवून ब्रशनं धुतला आणि जाडी मोजायला व्हर्नियर लावला. १८.९ एमएम. मग पिच गेज काढलं, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर बघायची दातेरी पाती. दीड एमएमचं पातं आट्यांवर ठेवलं आणि नट ट्यूबलाइटकडे धरला. पहिले तीन-चार दात छान बसले होते, सहाव्या-सातव्या दाताखालून उजेड यायला लागला. त्यांनी पातं मिटलं, इंची गेजचं सोळाचं पातं लावलं. कुठूनच उजेड नाही.

“सहा सुती हाय ह्यो. पाऊण इंच, इंचाला सोळा आटं.”

आता टाटाच्या इंजिनात इंची आटे कसे? टेल्कोनं (टाटा मोटर्सचं जुनं नाव) १९५४ साली डाइमलर-बेन्झशी करार करून ट्रक बनवायला घेतले, तो करार १९६९ पर्यंत चालला. जर्मन वळणाचं इंजिन, सगळं मेट्रिक. मी हे सांगितल्यावर मामा हसले. “कंपनीनं मेट्रिकच दिलं असंल की. आटं गेल्यावर कुणीतरी भोक मोठं केलं, आन् आटं पाडायचा जो टॅप हाताला घावला त्यो मारला.”

म्हणजे माझी गाडी १२१० आहे, पण तिच्या चेंबरचं भोक १२१० चं राहिलेलं नाही. दुकानदार चुकले नव्हते. मी मागितलं तेच त्यांनी दिलं होतं.

मामांनी हेक्स बारमधून (षटकोनी सळईतून) नवा नट काढून दिला. आटे आणि कॉलरचं (डोक्याखालच्या चकतीचं) तोंड एकाच पकडीत कापलं. काढून पुन्हा पकडलं तर कॉलर केसभर तिरकी होते आणि वॉशर एकाच बाजूनं दबतो, असं त्यांचं म्हणणं. बसवल्यावर काय झालं ते शेवटी लिहितो. तोवर तुमचे जुन्या गाड्यांच्या नटाचे अनुभव येऊ द्यात. फसलेले जास्त.

टर्नर, शिवाजी उद्यमनगर (वरचे मामा नव्हे, दुसरा)

सहा सुतीपेक्षा चार सुती जास्त घात करतो. अर्धा इंच, इंचाला वीस आटे, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.२७ एमएम. आणि बारा एमएमचा बारीक आट्याचा बोल्ट येतो १.२५ चा. अंतरात फरक जवळजवळ नाही, जाडीत मात्र ०.७ एमएमचा. त्यामुळे इंची भोकात हा बारा एमएमचा बोल्ट गुमान आत जातो. हाताला जरा सैल लागतो एवढंच. आवळताना धरल्यासारखा वाटतो, आणि शेवटच्या पाव फेरीत आट्यांचे टोक सोलून मोकळा फिरायला लागतो. माझ्याकडे असे चेंबर येतात, आणि प्रत्येकाचं एकच वाक्य : “आत तर मस्त गेला होता!”

गेज नसेल तर ज्याचं माप पक्कं माहीत आहे असा बोल्ट घ्या आणि दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरा. कंगव्यात कंगवा बसल्यासारखे दात शेवटपर्यंत बसले पाहिजेत. निदान दहा आटे बघा. तीन-चार आटे कुणाचेही जुळतात.

आणि लांबी. कॉलरखाली नटाची जेवढी जाडी तेवढ्या लांबीचे तरी आटे धरले पाहिजेत, म्हणजे अठराच्या नटाला अठरा एमएम. चेंबरला तेवढी जाडी नसली तर जेवढी आहे तेवढी पुरती भरा. आखूड नट दोन आट्यांवर लोंबकळतो. फार लांब घातला तर आत टोक निघतं आणि त्या उंचीखालचं घाण ऑइल कधीच बाहेर येत नाही, कारण नट काढला तरी भोकाची आतली कड… नाही, चुकलो, नट काढल्यावर टोकही बाहेर येतंच की! ते होतं भोकाला आतून बुश (आट्यांची नळी) बसवून ती वर काढली तर. लांब नटाचा धोका वेगळा : आतल्या जाळीला किंवा पत्र्याला टेकतो, आपल्याला वाटतं आवळला, आणि वॉशर मोकळाच.

जीपवाला, भुदरगड

आमच्या आबांची जीप. महिंद्राची, पेट्रोलवर आलेली, नंतर डिझेल इंजिन टाकलेलं. मी पुण्यास्नं ‘जुन्या जीपचा चेंबर नट’ म्हणून मागवला. आला इंची. आबा म्हणालं, “लेका, जीप अमेरिकेची, पर काळीज फ्रान्सचं हाय तिचं.” खरंच की. आत प्युजोचं एक्सडीपी ४.९० बसवलेलं, समदं मेट्रिक. बॉडीचं बोल्ट चार सुती, पाच सुती, आन् इंजिनाखाली शिरलं की एमएमचं पानं. दोन पिशव्या ठेवाव्या लागत्यात. तवापास्नं मी आरसी बुकातलं नाव सांगत न्हाई, इंजिनावर काय कोरलंय ते फोटो काढून दावतो.

ऊस वाहतुकीच्या दोन गाड्या सांभाळणारी, शिरोळ तालुका

गाड्या मिस्टरांनी घेतल्या, हिशेब आणि दुरुस्ती माझ्याकडे. आमचा नट बरोबर होता, तरी थेंब थांबेना. ड्रायव्हर दर वेळी अजून थोडा आवळायचा. शेवटी आमच्या मिस्त्रीनं तांब्याचा वॉशर माझ्या हातावर ठेवला. “वहिनी, बोटांनी वाकतोय का बघा.” वाकेना. दर वेळी दाबून दाबून तांबं कडक झालेलं. कडक वॉशर कॉलरच्या खाचखळग्यात भरत नाही, मग तेल वाट काढतं.

नवा वॉशर आणायला जयसिंगपूरला जावं लागलं असतं आणि गाडीचा नंबर कारखान्यावर लागलेला. मिस्त्रीनं वॉशर तारेत ओवला, मी गॅसवर धरला. आधी इंद्रधनुष्यासारखे रंग आले, मग काळपट, मग लाल. लाल झाल्यावर पाण्यात टाकला, चर्र झालं, वरची काळी खपली निघून आली. त्यानंतर तो बोटांनी वाकत होता. मी म्हटलं, लोखंड असं विझवलं की कडक होतं ना? तर म्हणे, लोखंडाचा स्वभाव वेगळा, तांबं तापवलं की मऊच पडतं. पाण्यात नाही टाकलं तरी चालतं. सासूबाईंनी ते बर्नर दोनदा घासलं, तो भाग वेगळा. ॲल्युमिनियमच्या वॉशरला हा उपाय करू नका, तो लाल व्हायच्या आधीच वितळतो. तो नवाच घ्यायचा.

नाव नको

मी चुकून गिअरबॉक्सचं ऑइल सोडलं. आणि वरून इंजिनात नवीन ओतलं. इंजिनात दुप्पट, गिअरबॉक्स कोरडा. अंगणातच लक्षात आलं, गाडी काढली नव्हती. खाली दोन-तीन नट दिसतात, सोडायच्या आधी तो नट कशाच्या पोटाला आहे ते वरपर्यंत बघून घ्या. बाकी काही लिहायचं नाही.

ट्रान्सपोर्टवाला, शिरोली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा आमची एक गाडी सखल जागी उभी होती. पाणी उतरल्यावर ड्रायव्हर किल्ली फिरवायलाच निघाला होता. मिस्त्रीनं हात धरला. आधी चेंबरचा नट.

नट सैल केला, पुरता काढला नाही. दोन-तीन फेऱ्या, आणि थांबलो. आट्यांमधून पाणी आलं. पांढरट, मग गढूळ, घमेलं निम्मं भरलं. त्यानंतर धार काळी आणि जाड झाली. पाणी जड, तेल हलकं, त्यामुळे पाणी तळाला बसून असतं आणि नटातून पहिलं तेच येतं. किल्ली मारली असती तर पंपानं तेच पाणी बेअरिंगला पाजलं असतं. सगळं सोडून, फिल्टर बदलून, स्वस्तातलं ऑइल भरून थोडं चालवलं, पुन्हा सोडलं. तेही पहिल्यांदा दुधाच्या चहासारखंच आलं. तिसऱ्यांदा स्वच्छ.

विषय नटाचा म्हणून सांगतो : त्या चार दिवसांत तो नट तीनदा उघडला-लावला. चुकीच्या मापाचा असता तर तिसऱ्यांदा आटे हातात आले असते.

स्पेअर पार्टच्या काउंटरवरून, लक्ष्मीपुरी

दुकानदाराची बाजू कुणीच लिहिली नाही, म्हणून लिहितो. गिऱ्हाईक येतं, “४०७ चा नट द्या.” ४०७ १९८६ पासून रस्त्यावर आहे. एवढ्या वर्षांत इंजिनं बदलली, चेंबरं बदलली, आणि स्क्रॅपमधून आणून बसवलेली चेंबरं वेगळीच. मी कुठला देऊ? तुम्ही जुना नट आणा. तो हरवला असेल तर इंजिनाचा नंबर आणा. ४९७ असं कोरलेलं दिसलं तर चार सिलिंडर, ९७ एमएम बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, तोच बोअर. तेवढ्यावर निदान सुरुवात होते.

आणि पाना बघून माप सांगू नका. “एकोणीसचा पाना लागतो” म्हणजे नट एकोणीसचा नव्हे. पाना डोक्याला लागतो, माप आट्यांचं असतं. हे रोज एकदा तरी सांगतो.

फाउंड्रीत कामाला, गोकुळ शिरगाव

वर टेपचा उल्लेख आलाय म्हणून. माझ्या मेव्हण्यानं हार्डवेअरमधून नळाचा अर्धा इंची प्लग आणून चेंबरला लावला. पाइपचा ‘अर्धा इंच’ हे पाइपाचं नाव आहे. आट्यांवरून मोजा, जवळजवळ २१ एमएम भरतो. त्यातून तो निमुळता. जितका आवळाल तितका पाचरीसारखा घुसतो. पत्र्याच्या चेंबरला वेल्ड केलेला बॉस (आट्यांसाठीचा जाड तुकडा) असतो, तो कदाचित सोसेल. मेव्हण्याचं ओतीव ॲल्युमिनियमचं होतं. भोकापासून दोन बोटं चीर गेली. ओतीव ॲल्युमिनियम फारसं ताणलं जात नाही, आधी सांगत नाही, एकदम तडकतं. आम्ही रोज बघतो.

आटे गेलेच असतील तर माझं मत : ॲल्युमिनियमला हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांची स्प्रिंग) किंवा बुश, तेही चेंबर उतरवून. खालून झोपून टॅप मारला की कीस आत पडतो, आणि तो सगळा काही धुऊन निघत नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून मारला तर बराचसा चिकटतो, पण मी तरी उतरवूनच करीन.

जीपवाला, भुदरगड

उतरवायला क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा) आडवा येत असला तर? आमच्या जीपला दिवस गेला. ग्रीस लावूनच मारला आम्ही. चार वर्षं झाली, चालतीय.

फाउंड्रीत कामाला, गोकुळ शिरगाव

चालते म्हणजे अजून काही झालं नाही. असो. चेंबर लोखंडी असेल तर पुढच्या ऑइलला मॅग्नेटवाला नट लावा, ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही. चुंबकावर काळं काजळ जमलं तर ते रोजचं. टोचणारी किसाची कुसळं निघाली तर मला कळवा.

धागा काढणारा

सगळ्यांचं वाचलं. शिरोळच्या ताईंचं वाचून घरातल्या गॅसकडे बघितलं, पण वॉशर नवाच आणला, आईची परवानगी मिळेना.

नवा नट शनिवारी बसवला. आधी हातानं, पाना न लावता, पार कॉलर टेकेपर्यंत गेला. कुठे डुगडुग नाही, कुठे अडला नाही. मग आखूड रिंग पान्यानं, एका हातानं आवळला. दोन फुटी पाइप मी पुन्हा शेजारच्यांना देऊन टाकला, त्यांचाच होता. केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगानं लिहून ठेवलंय : ‘चेंबर नट सहा सुती, सोळा आटे. मेट्रिक नाही.’ खाली दोन जादा वॉशर तारेनं बांधलेत. वडिलांनी वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “हो, निपाणीत आटं गेल्तं एकदा. तिथंच एकानं टॅप मारून दिला.”

चार दिवस मी ते त्यांना विचारलंच नव्हतं.

आज सकाळचा पुठ्ठा कोरडा आहे. एका कोपऱ्यात ओला डाग आहे, पण तो मांजराचा.